लेक निघाली आखाताला : बॅगेत काय द्याल, बाजारात काय घ्याल?

मैत्रिणींनो, आपल्या चिपळुणात अशी एखादी आळी दाखवा, की जिथल्या एकाही घरातलं कुणी ‘बाहेर’ नाही! ‘बाहेर’ म्हणजे पुण्या-मुंबईला नव्हे बरं का. ती तर आपली रोजचीच. ‘बाहेर’ म्हणजे दुबई, शारजा, मस्कत, कुवेत, दोहा, सौदी. खेड, दापोली, चिपळूण तालुक्यांतल्या खाडीकाठच्या गावांतून तर हे नातं दोन-तीन पिढ्यांचं आहे. १९७३ साली तेलाचे भाव भडकले, आखातात पैसा खेळू लागला आणि आपल्याकडचे सुतार, गवंडी, वायरमन, ड्रायव्हर, कारकून तिकडे निघाले. खरं म्हणजे ओळख त्याहूनही जुनी. आपल्या रिझर्व्ह बँकेने १९५९ साली खास आखातासाठी वेगळ्या रुपयाच्या नोटा काढल्या होत्या आणि १९६६ पर्यंत दुबईच्या बाजारात रुपयातच व्यवहार होत असे. आज आपल्या लेकी तिथं जाऊन दिरहॅमचा रुपयात हिशेब करतात, त्यांना हे सांगून पाहा. खरं वाटणार नाही!

पूर्वी पुरुष एकटे जात. एका खोलीत सहा-आठ जण राहत, मेसमध्ये जेवत, आणि दोन वर्षांनी येताना साबण, अत्तरं, टेपरेकॉर्डर घेऊन येत. आता संसारच्या संसार जातात. नवी सून लग्नानंतर दोन महिन्यांत व्हिसा घेऊन निघते. म्हणजे तिथल्या बाजारात पिशवी घेऊन जाणारी आता बाई आहे. माझी धाकटी नणंद नऊ वर्षं शारजात संसार करते आहे. एका मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे महिनाभर राहिले, रोज तिच्याबरोबर बाजार केला. शाळेत अर्धवेळ शिकवत असल्यामुळे असेल, पण दिसलं ते वहीत टिपून ठेवायची मला सवय आहे. त्या टिपणांतलं आणि नंतर विचारपूस करून पक्कं केलेलं असं सगळं आज तुमच्यापुढे मांडते आहे.

लेकीची बॅग भरताना आपल्या मनात दोनच गोष्टी असतात. एक माया आणि दुसरी धास्ती. मायेपोटी आपण लाडू भरतो आणि ‘तिथं काही मिळत नसेल’ या धास्तीपोटी डाळ-तांदूळ भरतो. तिसरी गोष्ट मात्र राहून जाते, ती म्हणजे तिथला कायदा आणि तिथला बाजार. या तिसऱ्या गोष्टीकडे दुर्लक्ष झालं, तर माया पोरीच्या अंगाशी येऊ शकते.

चिमूटभर खसखस

सगळ्यांत आधी खसखशीचं बोलू. अनारसे आपण खसखशीवर थापतो. करंजीच्या सारणात, मोदकाच्या चुनात, डिंकाच्या लाडवात आणि घरच्या मसाल्यातही ती असते. ईदच्या शिरखुर्म्यातही कुणी कुणी घालतात. पण संयुक्त अरब अमिरातीत (म्हणजे दुबई, शारजा, अबू धाबी वगैरे), सौदी अरेबियात, आणि आखाताबाहेर सिंगापूरमध्येसुद्धा, खसखस नेणं हा गुन्हा आहे. कारण सोपं आहे. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. बियांत नशा अशी नसते, पण बोंडाच्या चिकाचा अंश त्यांना लागून राहू शकतो, आणि तिथला कायदा त्या झाडाचं बीसुद्धा अमली पदार्थांतच धरतो. तिथं ‘थोडीशीच होती’, ‘आईने लाडवात घातली होती’ ही सबब पुढे करता येत नाही. अटक होऊ शकते, नोकरी जाऊ शकते.

म्हणून परदेशी जाणाऱ्या फराळात खसखस अजिबात नको. अनारसे तिळावर किंवा बारीक रव्यावर थापा. सारणात भाजलेले तीळ घाला. रश्शाच्या वाटणाला दाटपणा हवा असेल तर काजू किंवा मगज आहेतच. तयार मसाल्याचं पाकीट देणार असाल तर मागच्या बाजूचे घटक वाचा. ‘पॉपी सीड्स’ हे शब्द दिसले तर ते पाकीट आपल्या फडताळातच राहू द्या. घरचा मसाला देताना तो खसखस न घालता वेगळा करा आणि पुडीवर इंग्रजीत नाव व घटक लिहून चिकटवा. निनावी तांबडी पूड पाहिली की कुठल्याही कस्टमच्या माणसाला शंका येणारच!

दुसरं जायफळ. आपल्या नारळी-पोफळीच्या बागांतलं हे पीक, पुरणपोळी आणि श्रीखंडाचा जीव! पण सौदीत जायफळ नशा आणणारा पदार्थ मानतात आणि ते नेऊ देत नाहीत. सौदीला जाणाऱ्या लेकीच्या पुरणात वेलचीच राहू द्या. वेलची तिथं हवी तेवढी मिळते, ते लोक कॉफीतसुद्धा घालतात.

विड्याची पानं आणि गुटखा अमिरातीत नेता येत नाहीत. सासऱ्यांना पानाची सवय असली, तरी पानपुडा घरी ठेवूनच विमानात बसायचं.

औषधांची गोष्ट जास्त गंभीर. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, दुखण्यावरच्या काही गोळ्यांत ट्रामाडोल असतं. झोपेच्या आणि मनःशांतीच्या काही गोळ्यासुद्धा याच वर्गात येतात. अशा औषधांना अमिरातीत जाण्यापूर्वी तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेची परवानगी काढावी लागते. ती घरबसल्या ऑनलाइन मागता येते. तुमच्या औषधात हे आहे का, एवढं आपल्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा. रोजची साधी औषधं असली, तरी मूळ पाकिटासकट, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह द्या. गोळ्या सुट्या करून डबीत भरायची आपली सवय प्रवासात सोडायची.

खोबरं विमानात चालत नाही!

आता विमानाचे नियम. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या सामानात चालत नाहीत, हे ऐकून आपल्या कोकणातल्या बाईला धक्काच बसतो. पण त्यात तथ्य आहे. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असतं. बंद जागेत दाबून ठेवलं तर ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. म्हणून विमानवाहतुकीत त्याची गणना धोक्याच्या मालात होते. मुंबईच्या विमानतळावर बॅग उघडायला लावून त्या वाट्या काढून ठेवतात. घाई, रडकुंडी आणि पाठीमागे रांग! त्यापेक्षा तिथं जाऊन किसलेलं कोरडं खोबरं पाकिटात घ्यावं. ओले नारळ तर तिथल्या कुठल्याही मोठ्या दुकानात असतात.

लोणचं, तूप, काकवी हातातल्या पिशवीत नकोत. १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीतलं पातळ काहीही तपासणीत अडतं. मोठ्या बॅगेत लोणचं न्यायचं तर आधी विमान कंपनीला विचारा आणि मग दुहेरी पिशवीत घट्ट बांधा. मोबाइलचा पॉवर बँक मात्र नेमका उलटा. तो मोठ्या बॅगेत चालत नाही, हातातल्या पिशवीतच ठेवावा लागतो.

आणखी एक, आणि हे अगदी मनावर घ्या. ‘जातेच आहेस तर माझ्या भाच्याला एवढं पार्सल देशील का?’ अशी विनंती निघायच्या आदल्या दिवशी हमखास येते. आपल्याकडे नाही म्हणणं जड जातं. पण २०१९ साली मुंबईच्या एका जोडप्याला कतारच्या विमानतळावर पकडलं. नात्यातल्याच माणसाने हातात दिलेल्या पुडक्यात चरस निघाला. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. इथल्या तपास अधिकाऱ्यांनी खरा प्रकार शोधून काढला, तेव्हा कुठे २०२१ मध्ये त्यांची सुटका झाली. म्हणून पार्सल घ्यायचंच असेल तर ते देणाऱ्यासमोर उघडायचं, प्रत्येक वस्तू बघायची आणि आपल्या हाताने पुन्हा बांधायचं. कुणाला राग आला तर येऊ दे. राग चार दिवसांत जातो, दहा वर्षं परत येत नाहीत.

आखात सोडून इतर देशांचं वेगळं आहे, तेही थोडक्यात सांगते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये जे काही खाद्य नेता ते उतरण्यापूर्वी फॉर्मवर लिहून द्यावं लागतं. लपवलं तर जबर दंड होतो. दुधाच्या मिठाया, म्हणजे पेढे-बर्फी, ऑस्ट्रेलियात नेऊ देत नाहीत, कारण आपल्याकडच्या गुरांचे रोग तिथं पोहोचण्याची त्यांना भीती असते. अमेरिकेत ताजी फळं आणि मांसाचे पदार्थ अडवतात. त्यामुळे आंबा न देता आंबापोळी द्या, आणि तीही लपवू नका, फॉर्मवर लिहायला सांगा.

मग द्यायचं तरी काय?

‘एवढ्या बंद्या, मग बॅगेत भरायचं काय?’ असं तुम्ही म्हणाल. जे तिथं मिळत नाही किंवा चांगलं मिळत नाही, तेवढंच द्यायचं. तूरडाळ, पोहे, रवा, बेसन, साबुदाणा, कणीक हे सगळं आखातात मुबलक मिळतं. बर दुबई आणि करामा या भागांत फिरताना तर आपण दादरला आलो की काय असं वाटतं. १९८४ साली महादेव दातार यांनी दुबईत एक छोटं किराणा दुकान काढलं. त्यांचे चिरंजीव धनंजय दातार यांनी त्याच धंद्यातून ‘अल अदिल’ नावाची दुकानांची मोठी साखळी उभी केली. आपल्याकडची पिठं, मसाले, पापड-लोणची तिथं मिळतात. केरळच्या युसुफ अली यांची ‘लुलु’ची मोठमोठी दुकानं आखातभर आहेत, त्यांत भाजीपासून भांड्यांपर्यंत सगळं असतं. तेव्हा पाच किलो तूरडाळ भरून विमानाच्या वजनाचे जादा पैसे मोजण्यात काय अर्थ आहे?

मग द्या ते आपल्या मातीतलं आणि आपल्या हातचं. आमसुलं, कुळथाचं पीठ, घरची भाजणी, मेतकूट, आंबापोळी, फणसपोळी, सांडगी मिरच्या, मोदकाची पिठी, नाचणीचं सत्त्व. यात वजन कमी आणि समाधान जास्त. पुडीवर नाव आणि केल्याची तारीख मात्र लिहाच.

भांड्यांत प्रेशर कुकरची रबरी रिंग आणि व्हॉल्व्ह जोडीने जादा द्या, कारण आपल्याच कुकरची रिंग तिथं मिळेलच असं नाही. मिक्सरचं गणित देशावर अवलंबून. अमिरात, कुवेत, कतार, ओमान इथली वीज आपल्यासारखीच २२०-२४० व्होल्टची असते. फक्त सॉकेट तीन चौकोनी पायांचं, त्याला जोडणी घेतली की आपला मिक्सर चालतो. अमेरिकेत मात्र वीज १२० व्होल्टची. आपला मिक्सर तिथं नुसता गुरगुरतो, चटणी काही वाटत नाही! अमेरिकेला जाणाऱ्या मुलीला मिक्सर देऊ नका, तिथल्या विजेवर चालणारा तिथंच घ्यायला सांगा.

ओळखीचा वाणी नाही, छापील किंमतही नाही

आता खरा बाजार. चिपळूणच्या बाजारपेठेत आपली पद्धत कशी असते? वाणी ओळखीचा. ‘भाऊ, परवाची डाळ शिजली नाही हो’ म्हटलं, की तो बदलून देतो. वही आहे, उधारी आहे. शिवाय पाकिटावर सर्व करांसह कमाल किंमत छापलेली असते, त्यापेक्षा जास्त कुणी घेऊ शकत नाही. परदेशात गेलं की हे दोन्ही आधार एका दिवसात जातात. ओळखीचा वाणी नसतो, आणि पाकिटावर छापील किंमतही नसते! आखातात काय किंवा अमेरिकेत काय, दुकानदार आपापला भाव लावतो. एकच चहाची पेटी समोरासमोरच्या दोन दुकानांत दोन भावांना मिळते. यात फसवणूक नाही, तिथली रीतच ती.

म्हणून पहिल्या महिन्यात मुलीने एक काम करायचं. नेहमी लागणाऱ्या पंधरा-वीस जिनसा वहीत लिहायच्या. तांदूळ, तेल, साखर, दूध, अंडी, कांदे, साबण, बाळाचं दूध. घराजवळच्या तीन दुकानांतले भाव त्यांच्यापुढे मांडायचे. नणंदेच्या वहीत मी हे पाहिलं. भाजी एकीकडे स्वस्त, तांदूळ दुसरीकडे, साबण तिसरीकडे. महिन्याभरात तिला कुठे काय घ्यायचं ते तोंडपाठ झालं होतं.

भाव बघताना पुडा किती वजनाचा आहे ते आधी बघायचं. ९०० ग्रॅमचा पुडा किलोसारखा दिसतो. ‘दोनावर एक फुकट’ असं लिहिलेलं असलं तरी किलोला काय पडलं ते काढायचं, आणि तीन पुडे संपेपर्यंत तारीख उलटणार नाही ना तेही बघायचं. अमेरिकेत वजनं पौंडात आणि दूध गॅलनमध्ये. पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम, गॅलन म्हणजे पावणेचार लिटरहून किंचित जास्त. हे दोन आकडे स्वयंपाकघरात चिकटवून ठेवावेत.

कराचंही तसंच. अमिरात आणि सौदीने १ जानेवारी २०१८ पासून विक्रीवर ५ टक्के कर लावला. सौदीने जुलै २०२० मध्ये तो १५ टक्के केला. बहारीनचा २०२२ पासून १० टक्के झाला. ओमाननेही २०२१ मध्ये ५ टक्क्यांनी सुरुवात केली. अमिरातीत आणि सौदीत फळीवर लावलेल्या किमतीत हा कर धरलेला असतो. अमेरिकेत मात्र बहुतेक राज्यांत कर वेगळा, आणि तो गल्ल्यावर कळतो. हातात मोजून नेलेले डॉलर ऐन वेळी कमी पडतात ते यामुळे.

तुम्ही चार आठवडे लेकीकडे पाहुण्या म्हणून जाणार असाल, तर एक फायद्याची गोष्ट. अमिरातीत प्रवासी म्हणून आलेल्यांना, ठरावीक रकमेवरच्या खरेदीचा बराचसा कर विमानतळावर परत मिळतो. दुकानात पासपोर्ट दाखवून तशी नोंद करून घ्यावी लागते. तिथं राहणाऱ्या लेक-जावयाला ही सवलत नाही, म्हणून त्या दिवसांतली मोठी खरेदी तुमच्या नावाने होऊ द्या!

अरबी आकडे मात्र जरूर शिकावेत. दहाच तर आहेत, एका दुपारचं काम. पण त्यात गंमत अशी, की त्यांचा शून्य नुसता ठिपका असतो आणि त्यांचा पाच आपल्या शून्यासारखा गोल दिसतो. म्हणजे पन्नासाचा आकडा आपल्याला भलताच काही तरी वाटायचा! तारीख आणि किंमत वाचताना हे लक्षात असू द्या.

आणि पिशवी. जून २०२४ पासून दुबईत एकदा वापरून टाकायच्या पिशव्या बंद झाल्या आहेत. आपल्याकडे २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदी आली, तेव्हापासून कापडी पिशव्या शिवून ठेवल्याच आहेत, त्यांतल्या चार बॅगेत सरकवा.

हापूसचं सांगितल्यावाचून राहवत नाही. परदेशात ‘हापूस’ म्हणून काहीही विकतात. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हा पेटीवर आंबा कुठल्या जिल्ह्यातला ते शोधायचं, मगच दाम मोजायचे. आपल्या गावचा आंबा आपणच ओळखायला नको का?

गुणाकाराचा रोग

नव्याने गेलेल्या प्रत्येक बाईला हा रोग जडतो. कोथिंबिरीची जुडी घेतली की दिरहॅमचे रुपये करायचे आणि ‘बाई गं, एवढ्याची कोथिंबीर!’ म्हणून ठेवून द्यायची. मग भाजी कमी होते, फळं बंद होतात, मुलांना दूध पाणी घालून मिळतं. पैसे वाचतात, पण अंगावर निघतात. याच्या उलट प्रकार कुवेत, बहारीन आणि ओमानमध्ये. कुवेतचा एक दिनार तीन डॉलरहून मोठा. तो हजार फिल्सांचा असल्यामुळे किमतीत दशांश चिन्हापुढे तीन आकडे असतात. ओमानच्या रियालचे हजार ‘बैसा’ होतात, हा शब्द आपल्या पैशाचाच भाऊ. तिथं ०.७५० पाहिलं की ‘पाऊणच तर आहे’ असं वाटतं आणि टोपली भरत जाते!

यावर माझ्या नणंदेची पद्धत मला फार आवडली. ती गुणाकार महिन्यातून एकदाच करते, पगाराच्या दिवशी. गावाला किती पाठवायचे, इथल्या बँकेत किती टाकायचे, ते रुपयात ठरवते. ते पैसे पहिल्याच दिवशी पाठवून मोकळी होते. पाठवतानाही दोन-तीन ठिकाणचा दर आणि त्यावरचा आकार विचारते, कारण दर चांगला दाखवून आकार जास्त घेणारेही असतात. पाठवायचं ते बँकेतून किंवा परवाना असलेल्या एक्स्चेंजमधूनच. हवालाच्या वाटेला कधी जायचं नाही. मग उरलेल्यात भाडं, शाळेची फी, किराणा, आणि हा सगळा विचार दिरहॅममध्येच. कोथिंबीर पगाराच्या मानाने महाग आहे का, एवढंच बघायचं. चिपळूणच्या मानाने नव्हे.

परदेशातल्या किराण्यावर आपल्या इथल्या सरकारी निर्णयांचाही परिणाम होतो, हे ध्यानात ठेवावं. २० जुलै २०२३ रोजी भारताने बासमती सोडून पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली. अमेरिकेतल्या भारतीय दुकानांपुढे रांगा लागल्या आणि काही दुकानांनी घरटी एकच पिशवी द्यायला सुरुवात केली. लोकांनी घाबरून गाडीच्या डिकीत पिशव्या रचल्या. ती बंदी सप्टेंबर २०२४ मध्ये उठली, पण दुसऱ्या देशांचे तांदूळ मधल्या काळातही मिळत होतेच. कांद्याच्या निर्यातीवरही डिसेंबर २०२३ पासून मे २०२४ पर्यंत बंदी होती. अशा वेळी साठा करणाऱ्यांमुळेच भाव आणखी चढतात. दोन महिन्यांचे तांदूळ घरात ठेवावेत, दोन वर्षांचे ठेवले तर किडे खातात.

सोनं : तोळ्याआधी हिशेब

दुबई म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सोनं येतं. तिथला सोन्याचा भाव रोज जाहीर होतो, त्यात घासाघीस नाही. घासाघीस करायची ती मजुरीत, आणि ती अवश्य करावी. मजुरी दागिना मोडताना परत मिळत नाही. जुलै २०२४ मध्ये भारताने सोन्यावरची आयात जकात १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणली, तेव्हा इथल्या-तिथल्या भावातला फरक बराच कमी झाला. म्हणून ‘दुबईचं ते स्वस्तच’ असं डोळे मिटून धरू नका.

एक वर्षाहून जास्त काळ बाहेर राहून येणाऱ्या बाईला ४० ग्रॅम आणि पुरुषाला २० ग्रॅम वजनापर्यंतचे दागिने जकातीशिवाय आणण्याची सवलत असते. २०१६ च्या नियमांत वजनाबरोबर रकमेचीही मर्यादा होती. अशा अटी बदलत असतात, म्हणून तिकीट काढायच्या वेळी ताजा नियम पाहूनच खरेदी करावी. ही सवलत दागिन्यांना आहे, बिस्किटांना नाही, आणि पंधरा दिवस फिरून येणाऱ्यालाही नाही. बिल हरवू नका.

एक गोष्ट फारच थोड्या जणींना ठाऊक असते. लेक इथून भारी दागिने घालून जाणार असेल, तर निघताना विमानतळावर कस्टमकडून त्या दागिन्यांचा दाखला घेता येतो. परत येताना ‘हे मी इथूनच नेले होते’ असं नुसतं तोंडाने सांगून भागत नाही, दाखला पुढे केला की वाद मिटतो.

बिल हाच आपला साक्षीदार

ओळखीच्या वाण्याची जागा तिथं बिल घेतं. सांगण्यासारखं मुख्य एवढंच आहे. शारजातच आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने कपडे धुण्याचं यंत्र घेतलं. तीन आठवड्यांत ते बंद पडलं. दुकानदार म्हणाला, आता आमचा संबंध नाही. त्या बाईने बिल, गॅरंटीचं कार्ड आणि फोटो जोडून सरकारी ग्राहक विभागाकडे तक्रार केली. पुढे दुकानाने यंत्र बदलून दिलं. ना वकील, ना वशिला, फक्त कागद! अमिरातीत २०२० चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, आणि परकी माणसालाही तक्रार करता येते. मात्र भांडायला आवाज चढवू नये. तिथं शिवीगाळ हा स्वतंत्र गुन्हा होतो, व्हॉट्सॲपवर लिहिली तरीसुद्धा.

वस्तू इथं आणायची असेल तर गॅरंटी भारतात चालते का ते आधी विचारा आणि लेखी घ्या. तिथं घेतलेल्या टीव्ही-मोबाइलची गॅरंटी पुष्कळदा तिथल्यापुरतीच असते.

आपल्याला ग्राहक चळवळ काही नवी नाही. पुण्याला बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायत उभी केली, १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. चार घरांनी एकत्र येऊन घाऊक माल आणायचा आणि वाटून घ्यायचा, ही पद्धत मुंबईतल्या बायकांनी वर्षानुवर्षं चालवली. परदेशात एका इमारतीत पाच मराठी घरं असतील तर हेच करता येतं. तांदळाचं मोठं पोतं, तेलाचा डबा, कांद्याची गोणी वाटून घ्यावी. पैसे वाचतातच, पण परक्या मुलखात दार वाजवायला चार घरंही होतात. आजारपणात त्या घरांची किंमत कळते.

तेव्हा मैत्रिणींनो, लेकीला निघताना साडी द्या, डबा द्या, आणि त्याबरोबर एक कोरी वहीसुद्धा द्या. तिच्या पहिल्या पानावर त्या देशात काय न्यायला मनाई आहे ते तुमच्या हाताने लिहा. दुसऱ्या पानावर पंधरा जिनसांची नावं लिहून भावाची जागा मोकळी ठेवा. शेवटच्या पानाला एक पाकीट चिकटवा, बिलं ठेवायला. महिन्याने फोनवर ‘जेवलीस का?’ विचारून झालं, की ‘तांदूळ कुठल्या दुकानात घेतलास?’ हेही विचारा. तिने तिन्ही दुकानांचे भाव घडाघडा सांगितले, की खुशाल समजा, पोरीचा संसार मार्गी लागला.